काचेशिवाय टांगायच्या फोटोंवर संरक्षक स्प्रे : भर पावसाळ्यात केलेली घाई

खानापूरचा पाऊस (१२ ऑगस्ट, रात्री ९.५०)

मंडळी, एक घोळ करून बसलोय, निस्तरायला मदत पाहिजे.

आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीनंतर माझ्या फोटोंचं छोटं प्रदर्शन ठरलंय. अठरा फोटो, सगळे आपल्याच बेळगाव-खानापूर भागातले. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, जांबोटीच्या रस्त्यावरचं धुकं, बासमतीची मळणी आणि निम्म्याहून जास्त गावातली म्हातारी माणसं. हॉलमध्ये दोन्ही भिंतींना ट्यूबलाइट आहेत. मागं एकानं काचेच्या फ्रेमा लावल्या होत्या, तर लोकांना फोटोपेक्षा स्वतःचंच तोंड जास्त दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, काच नको. जाड कॉटन कागदावर प्रिंट, मागं फोमबोर्ड, पुढून उघडी.

खरं उघडी ठेवली की लोक हात लावणार. आमच्याकडं फोटो डोळ्यांनी कमी आणि बोटानं जास्त बघतात. "ह्यो बघ आमचा तात्या" म्हणून बोट थेट तात्याच्या नाकावर. म्हणून इंकजेट प्रिंटवर मारायचा संरक्षक स्प्रे मागवला, ४०० मिलीचा डबा. रविवारी दुपारी पाऊस जरा उघडला तसा पडवीत बसून पहिल्या प्रिंटवर मारला. फोटो गाभाऱ्यातला, पाऊण भाग काळाच. दोन मिनिटांत त्या काळ्यावर पांढरट साय धरली. भस्म फासल्यासारखी. पुसायला गेलो नाही, एवढी अक्कल शाबूत होती.

डबा जुना निघाला का? की माझं चुकलं? उरलेल्या सतरा प्रिंटना हात लावायचा धीर होईना.

शाईवाला (१२ ऑगस्ट, रात्री १०.३५)

डब्याला दोष देऊ नका. ऑगस्टात, खानापुरात, पडवीत? तुम्ही तो तळ्यात उभं राहून मारलात म्हणा की. घरात आर्द्रतामापक आहे का? नसेल तर घ्या, छोटा डिजिटल मिळतो. तोवर उरलेल्या प्रिंट पेटीत ठेवा.

दुसरं, प्रिंट कशावर काढल्यात? प्रिंटर, शाई, कागद, तिन्ही सांगा. कागद कॉटन आहे एवढ्यानं भागत नाही.

उद्यमबाग (१२ ऑगस्ट, रात्री ११.१०)

मी फोटोवाला नव्हे, पेंट बूथमधला माणूस. बेळगावात उद्यमबागेत पंधरा वर्षं मशिनच्या पार्टना रंग मारायलालोय. तुमचं झालंय त्याला आम्ही 'ब्लश' म्हणतो. लॅकर, म्हणजे स्प्रेचा पारदर्शक थर, पांढरा पडणे.

होतं काय, डब्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे लॅकर पातळ ठेवणारा द्रव, झपाट्यानं उडतं. उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागतं का नाही, तसंच. कागद भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतो. हवेत पाणी भरपूर असलं की त्या गार पृष्ठभागावर दव धरतं, आणि लॅकर सुकता सुकता ते बारीक पाणी आतच अडकतं. म्हणून पांढरं दिसतं. काळ्यावर जास्त दिसतं एवढंच, झालंय सगळीकडं.

आमचे जुने मिस्त्री कानडी होते. जूनमध्ये कोण लॅकरचं काम घेऊन आलं की दारातूनच सांगायचे, "मळिगालदाग ब्याड्री", पावसाळ्यात नको. आता बूथ गरम करता येतो म्हणून चालतं. तुमच्या पडवीत कुठला हीटर?

खानापूरचा पाऊस (१३ ऑगस्ट, सकाळी ७.२०)

उद्यमबागवाले, आता डोक्यात शिरलं. मापक शेजारच्या पोरानं आणून दिला. आत्ता या क्षणाला घरात ८८ टक्के दाखवतोय. रविवारी काय असेल देव जाणे.

ती पांढरी पडलेली प्रिंट गेलीच का?

उद्यमबाग (१३ ऑगस्ट, सकाळी ८.०५)

लगेच टाकून देऊ नका. सुक्या उन्हाळी हवेत त्यावर एक पातळ हात मारला तर नव्या हातातलं सॉल्व्हंट खालचा थर जरा सैल करतं आणि अडकलेलं पाणी निघून जातं. आमच्याकडं पुष्कळदा जमतं. कागदावर जमेल का ते शाईवाल्यांना विचारा, पत्रा आणि कागद एक नव्हे.

शाईवाला (१३ ऑगस्ट, दुपारी १.१५)

जमतं, पण दरवेळी नाही. त्यासाठी ऑक्टोबरच्या उकाड्याची वाट बघा.

आता पद्धत सविस्तर सांगतो. टिळकवाडीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत दोनेक डझन डबे संपवून जे कळलं ते हे.

प्रिंट निघाल्यावर किमान एक दिवस तशीच सोडायची. शाईत ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्रव असतात. प्रिंट हाताला कोरडी लागते, पण आतून अजून श्वास टाकत असते. त्यावर लगेच झाकण घातलं तर ते आत कोंडतं. आपल्या पावसाळी हवेत मी तीन दिवससुद्धा थांबतो.

मग मऊ ब्रशनं धूळ आणि कागदाची लव झाडायची. कॉटन कागदाला लव असतेच. स्प्रे मारल्यावर ती लव जागची निघाली तर खाली पांढरा ठिपका उरतो, आणि तो काळ्या आकाशात चांदणीसारखा दिसतो. ब्रश प्रिंट काढायच्या आधी एकदा आणि स्प्रेच्या आधी एकदा.

डबा खोलीच्या तापमानाचा हवा, वीस-पंचवीस अंश. डिसेंबरच्या सकाळी डबा गार असतो, तेव्हा थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायचा. कोमट म्हणजे कोमट. डब्यावर लिहिलेलं असतं, पन्नास अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आत दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो. दोन मिनिटं नीट हलवायचा. अंतर पंचवीस ते तीस सेंटीमीटर. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, कागदावर बोट दाबायचं किंवा सोडायचं नाही. पहिला हात आडवा, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा उभा, मग तिसरा परत आडवा. प्रत्येक हात इतका पातळ की मारला का नाही अशी शंका यावी. एकाच जाड हातात काम उरकायला जाल तर ओघळ, डाग, आणि मॅट कागदाची ती मखमली पोत गेलीच म्हणून समजा.

आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर असेल तर मी मारत नाही. इथं माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, घाला.

नवखा फोटोग्राफर (१३ ऑगस्ट, रात्री ८.४०)

एक बाळबोध प्रश्न. एवढा महागाचा डबा कशाला? हार्डवेअरच्या दुकानात गाडीचा क्लिअर स्प्रे मिळतो, तो नाही का चालणार? आमचे ड्रॉइंगचे सर तर चारकोलवर हेअरस्प्रे मारायचे.

शाईवाला (१३ ऑगस्ट, रात्री ९.००)

हेअरस्प्रेनं पिवळं पडतं आणि चिकट राहतं. सरांच्या चारकोलचं काय झालं ते विचारा एकदा. चारकोल-पेस्टलसाठी फिक्सेटिव्ह असतं, कॅमलचं सहज मिळतं, पण ते भुकटी जागेवर धरून ठेवायला, फोटो झाकायला नव्हे.

गाडीच्या स्प्रेबद्दल उद्यमबागवाल्यांनीच बोलावं.

उद्यमबाग (१३ ऑगस्ट, रात्री १०.२५)

नको. त्यातला थिनर तिखट असतो, शाईखालच्या थराला काय करील सांगता येत नाही. शिवाय तो पत्र्यावर चकाकी यायला बनवलेला. कॉटन कागदावर मारून बघितला मी सकाळी, मुद्दाम. कागद तेलकट पुरीसारखा झाला. मागून बघितलं तर अर्धा आरपार.

कागदकीडा (१४ ऑगस्ट, सकाळी ११.३०)

चिकोडीचा, सध्या पुण्यात जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो. पंगतीत मिठाचा खडा टाकतो, राग मानू नका.

आमच्या कामातला पहिला नियम असा, की जे लावाल ते पुढं काढता आलं पाहिजे. कागदावर मारलेलं सॉल्व्हंटचं लॅकर नंतर काढता येत नाही. कॅनव्हासवरच्या तैलचित्राचं वार्निश काढून नवं लावतात, कारण खाली रंगाचा घट्ट थर असतो. इथं खाली शाई आहे आणि कागदाचे धागे आहेत. मग फ्रेम का नको? मध्ये माउंटबोर्डाची खिडकी कापली की काच प्रिंटपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहते. चकाकीचा त्रास असेल तर कमी चकाकीची काच येते.

अमेरिकेतली विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था प्रिंट किती टिकते ते मोजते, तेव्हा तीच प्रिंट साध्या काचेखाली, अतिनील किरण गाळणाऱ्या काचेखाली आणि उघडी अशी वेगवेगळी मोजते. आकड्यांत बराच फरक पडतो. आणि उघडी प्रिंट नेहमीच मागं असते.

गोकाकची बाहुली (१४ ऑगस्ट, दुपारी ३.४५)

कागदकीडादादा, तुमचं बरोबर, पण हे वाचनालय आहे, संग्रहालय नव्हे. अठरा कमी चकाकीच्या काचांचा खर्च यांच्या वर्गणीत बसेल का? आणि काच म्हटली की पाडणारी पोरं आलीच.

माझं माहेर गोकाकचं. घरात लाकडी फळं रंगवायचे, आंबा, वांगी, मिरच्या. आजी पावसाळ्यात फळं रंगवून ठेवायची, पण शेवटचं चकाकीचं काम दसऱ्यापर्यंत राखून ठेवायची. आम्हाला वाटायचं आजीला कंटाळा आला. आज हा धागा वाचून कळलं.

हाताबद्दल एक सांगते. मनगट वळवू नका. मनगट वळलं की फवारा धनुष्यासारखा फिरतो, मध्ये जास्त, कडेला कमी. खांद्यापासून अख्खा हात सरकवायचा, अंगण सारवताना सरकवतो तसा. आधी वर्तमानपत्रावर दहा वेळा रिकामा सराव करा. मी अजून करते.

खानापूरचा पाऊस (१४ ऑगस्ट, रात्री ९.१०)

बाहुलीताई, सारवणाची उपमा आमच्या हिला फार आवडली. तीच मारते म्हणते स्प्रे.

शाईवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सहा प्रिंट बेळगावातून काढून आणल्यात, दहा शाईंच्या एप्सन पी ९०० वर. बाकी बारा माझ्या घरच्या एल १८०० वर. कागद दोन्हीकडं तोच, ३०८ ग्रॅमचा फोटो रॅग.

शाईवाला (१४ ऑगस्ट, रात्री ९.३०)

अरे देवा. बारा?

मालक, तुमच्या एल १८०० मध्ये डाय शाई आहे. रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला. पी ९०० मध्ये पिगमेंट, म्हणजे रंगाचे घन कण, कागदाच्या वरच्या थरात बसलेले. तुमचा विश्वास बसत नसेल तर दोन्हींच्या वाया गेलेल्या तुकड्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाका, पाच मिनिटांनी टिपून घ्या. डाय पसरलेली दिसेल.

दोघींची दुखणी वेगळी. पिगमेंट उजेडाला पुष्कळ टिकते, पण मॅट कागदावर कण वरच असल्यामुळं घासलं की काळ्यावर चकचकीत ओरखडा उठतो, कधी बोटालाही काळं लागतं. तिला स्प्रे मनापासून मानवतो. कण बांधले जातात, आणि काळा रंग थोडा आणखी गडद दिसतो. डाय शाईचे शत्रू तीन : उजेड, पाणी आणि हवेतला ओझोन. २००० साली एका नामांकित कंपनीच्या नव्या प्रिंटरच्या प्रिंट काही लोकांच्या घरी थोड्या दिवसांतच नारिंगी पडल्या होत्या. उन्हात नव्हे, नुसत्या हवेनं. निळसर शाई ओझोननं खाल्ली आणि लाल-पिवळा मागं उरला.

स्प्रेचा थर हवेला आणि पाण्याला बऱ्यापैकी अडवतो. उजेडाला थोडंसं अडवतो, त्यात अतिनील शोषणारं द्रव्य असतं म्हणून. पण जो रंग दिसणाऱ्या प्रकाशातही उडतो त्याला स्प्रे काय करणार? त्या बारा प्रिंट पंधरा दिवसांच्या प्रदर्शनाला खुशाल लावा. विकू मात्र नका. कुणी मागितलीच तर पिगमेंटवर नवी काढून द्या.

खानापूरचा पाऊस (१४ ऑगस्ट, रात्री १०.०५)

पाण्याचा थेंब टाकला. डायवाली कडेनं जांभळी पसरली. पिगमेंटवाली तशीच.

माझ्या दोन प्रिंट आधीच विकल्या गेल्यात, ओळखीतच. उद्या त्यांच्या दारात जाऊन सांगतो की बदलून देतो म्हणून. लाज वाटायला लागली.

चंदगडी (१५ ऑगस्ट, सकाळी ८.१५)

लाज कसली गा. आमच्याकडच्या लग्नांच्या अल्बमांत बघितलंस तर निम्मे डायवरच असतील, ड्राय मिनीलॅबमध्ये, म्हणजे रसायनाशिवाय शाईनं फोटो काढणाऱ्या यंत्रात, बहुतेक डायच शाई. कोण सांगतंय? तू सांगतोयस तरी.

आणि एक, ज्याला आपण 'लॅबची प्रिंट' म्हणतो ती जुन्या पद्धतीची, रसायनात धुतलेली असेल तर ती इंकजेट नव्हेच. तिला हा स्प्रे लागत नाही. नाहीतर वाचणारा कोण तरी आजोबांच्या फोटोवर मारायचा.

नवखा फोटोग्राफर (१५ ऑगस्ट, सकाळी १०.२०)

आजोबांच्या फोटोवर मारायचाच विचार चाललेला. वाचवलंत.

निपाणीकर (१६ ऑगस्ट, रात्री ९.५५)

डबा मागवण्याबद्दल. माझा एक डबा कुरियरनं दोनदा परत गेला, कारण असले दाबाचे ज्वलनशील डबे विमानानं जात नाहीत. पार्सल रस्त्यानंच जाईल असं विकणाऱ्याकडून आधी वदवून घ्या. मी शेवटी मुंबईहून ट्रान्सपोर्टनं मागवला, चार दिवस जास्त लागले, पण आला.

नावं विचारणाऱ्यांसाठी : हानेम्युलेचा प्रोटेक्टिव्ह स्प्रे, प्रीमियरआर्टचा प्रिंट शील्ड आणि मोआबचा डेझर्ट वार्निश हे इंकजेटसाठीच बनवलेले. इथं यातलं जे मिळेल ते घ्यावं, हवामान सांभाळलं तर तिन्हींत मला तरी जमीन-अस्मानाचा फरक दिसला नाही.

मास्कचं कुणीच बोललं नाही. कोरोनातले मास्क किंवा एन ९५ धूळ अडवतात, सॉल्व्हंटची वाफ नाही. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज लावलेला मास्क लागतो. मी एकदा बंद खोलीत तीन प्रिंट मारल्या आणि संध्याकाळभर डोकं धरून बसलो. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वासात वाढलेली माणसं आम्ही, आम्हाला वासाचं काय, असा माज होता. उतरला.

उद्यमबाग (१६ ऑगस्ट, रात्री १०.३०)

आणि स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत तर अजिबात नको. गॅस पेटलेला असतो, देवघरात समई असते. वाफ जमिनीलगत पसरत जाते. मी मोठा जाळ झालेला बघितलाय, जास्त लिहीत नाही.

कागदकीडा (१७ ऑगस्ट, दुपारी १२.१०)

माझा विरोध अर्धा मावळलाय. पंधरा दिवसांचं प्रदर्शन, पिगमेंट शाई, नवी काढता येणारी प्रिंट, तिथं स्प्रेला माझं काही म्हणणं नाही. फक्त प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा : कागद कुठला, शाई कुठली, स्प्रे कुठला, किती हात, तारीख. बॉलपेननं नको, दाब पुढून उमटतो. उद्या माझ्यासारख्या कुणाच्या हातात ती प्रिंट आली तर तो तुम्हाला दुवा देईल.

अजून एक गंमत सांगतो. खूप पांढऱ्याशुभ्र कागदांत चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात. ती अदृश्य अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत देतात, कपड्याच्या निळीचाच प्रकार. स्प्रे अतिनील किरण शोषतो, म्हणजे त्या द्रव्याची भाकरीच तोडतो. म्हणून स्प्रेनंतर तसा कागद थोडा पिवळसर वाटतो. लोक म्हणतात स्प्रेनं कागद पिवळा केला. कागद मुळात तसाच होता, वरची निळसर झाक गेली. फोटो रॅगच्या 'ब्राइट व्हाइट' प्रकारात हे जास्त जाणवतं, साध्या फोटो रॅगमध्ये कमी.

गोकाकची बाहुली (१७ ऑगस्ट, दुपारी ४.००)

म्हणजे पांढऱ्या धोतराला नीळ घालायची आणि मग म्हणायचं धोतर पांढरं. कळलं.

शाईवाला (१८ ऑगस्ट, सकाळी ९.४५)

चकचकीत कागदवाल्यांसाठी दोन ओळी, कारण मला निरोपात तोच प्रश्न आलाय. ग्लॉसी आणि बरायटा कागदावर पिगमेंटची प्रिंट तिरकी धरली की शाई असलेला भाग आणि कोरा पांढरा भाग वेगवेगळे चमकतात, काळ्यावर तांब्यासारखी झाक दिसते. स्प्रेनं ते बऱ्यापैकी एकसारखं होतं. पण तिथं प्रत्येक थेंब दिसतो. अंतर चुकलं की संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. मॅटवर हात बसल्याशिवाय ग्लॉसीकडं जाऊ नका. कॅनव्हासचा विषय वेगळा, त्याला मी डबा वापरतच नाही, पाण्यातलं कोटिंग रोलरनं लावतो. चौकटीवर ताणताना कडेला तडे जातात म्हणून जरा लवचीक थर लागतो.

खानापूरचा पाऊस (२६ ऑक्टोबर, रात्री ८.३०)

धागा वर काढतोय. गेले दोन महिने पाऊस, भात आणि वाचनालयाची रंगरंगोटी यांत गेले.

बारा डायवाल्यांपैकी पाच पिगमेंटवर परत काढल्या. बाकी सात पैशांअभावी तशाच. विकलेल्या दोन बदलून दिल्या, त्यातल्या एकानं चहा पाजला आणि जुनीही ठेवून घेतली.

मग तुकड्यांवर प्रयोग केला. काळ्या पट्ट्याचे तीन तुकडे पिगमेंटवर काढले. एकावर काहीच नाही, एकावर दोन हात, एकावर तीन. चार दिवस सुकवले. मग आमच्या धाकट्याला मिरची भजी दिली आणि सांगितलं, बोट लाव. फार आनंदानं लावलं त्यानं. बिनास्प्रेच्या तुकड्यावर तेल कागदात गेलं ते गेलंच, आणि घासल्यावर बोटाला काळं लागलं. दोन हातांच्या तुकड्यावर डाग राहिला, पण फिका. तीन हातांवर लगेच टिपलं तर जवळजवळ निघालं. अर्ध्या तासानं टिपलं तर मात्र त्यावरही दिसतो. नखाचा ओरखडा तिन्हींवर उठला. तेव्हा स्प्रे मारला म्हणजे ताडपत्री झाली असं कुणी समजू नये.

काल दुपारी मापक ४९ वर होता. हिनं हात मारला, मी घड्याळ धरून उभा. ती गाभाऱ्याची पांढरी पडलेली प्रिंट आधी घेतली, एक पातळ हात. उद्यमबागवाले, तुमच्या तोंडात साखर. साय विरघळल्यासारखी गेली. खालच्या उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढी राहिली, तिथं आता फोटोचं नाव चिकटवणार.

उद्यमबाग (२६ ऑक्टोबर, रात्री ९.१५)

साखर नको, कुंदा पाठवा.

निपाणीकर (२७ ऑक्टोबर, सकाळी ७.५०)

एक इशारा. कारखाने सुरू व्हायलालेत. आमच्याकडं पाचट पेटवलं की काळी फुलपाखरं उडत येतात अंगणात. ओल्या लॅकरवर एक बसलं की संपलं. बाहेर मारत असाल तर वारा आणि ऊस दोन्ही बघा.

खानापूरचा पाऊस (२७ ऑक्टोबर, रात्री १०.४०)

निपाणीकर, तुमचा निरोप मी दुपारी वाचायला पाहिजे होता. मळणीच्या फोटोवर, नेमकी आकाशात, एक काळी काडी बसली. चिमट्यानं काढायला गेलो तर शाईसकट निघाली. ती प्रिंट परत काढायला दिली. आता सगळं काम आत, खिडक्या उघड्या, पंखा बंद, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याचा आडोसा करून.

शाईवाला (२८ ऑक्टोबर, सकाळी ९.००)

खोक्याला आतून पाण्याचा हलका हबका मारून पुसून घ्या, धूळ बसते. आणि प्रत्येक वेळी काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, नाहीतर नोझल तुंबतं आणि पुढच्या वेळी थुंकतं. मारलेल्या प्रिंट एकमेकींवर रचू नका. दोन दिवसांनी रचल्यात तरी मध्ये पातळ बिनआम्लाचा कागद घाला.

खानापूरचा पाऊस (७ डिसेंबर, रात्री ९.२५)

प्रदर्शन कालच उतरवलं. नावाच्या पट्ट्या मराठी आणि कानडी दोन्हींत लावल्या होत्या, त्यामुळं पलीकडच्या गावांतूनही माणसं आली.

बोटं लागली, अपेक्षेपेक्षा जास्त. म्हाताऱ्यांच्या फोटोंना सगळ्यात जास्त. एक आजी रोज यायच्या. त्यांच्या मालकांचा फोटो होता, गेल्या वर्षी गेले ते. पहिल्या दिवशी पदरानं फोटोचं तोंड पुसून घेतलं, देवाच्या तसबिरीचं पुसतात तसं. माझा जीव खालीवर. तीन हात मारलेली पिगमेंटची प्रिंट ती. पंधरा दिवस रोज पुसली. आज खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघितली, गालावर अगदी हलकी झळाळी आलीय, शाई जागेवर आहे. प्रिंट त्यांनाच दिली. आता तिला काच घालून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या.

सात डायवाल्यांपैकी दोन खिडकीसमोरच्या भिंतीवर होत्या. त्यांचा काळा तपकिरीकडं झुकलाय का माझ्या डोळ्यांचा भास, ठरवता येईना. घरातल्या पेटीत ठेवलेल्या जोडीशी लावून बघतो.

कागदकीडा (७ डिसेंबर, रात्री १०.१०)

दिवसाच्या उजेडात लावून बघा, ट्यूबखाली नको. आणि आजींच्या प्रिंटमागं पेन्सिलीनं लिहिलंत ना?

खानापूरचा पाऊस (७ डिसेंबर, रात्री १०.२०)

लिहिलंय. कागद, शाई, स्प्रे, तीन हात, तारीख. खाली त्यांनी त्यांच्या मालकांचं नाव लिहून घेतलं माझ्याकडून.

दोन डबे संपले, तिसरा अर्धा उरलाय. कुणाला हवा असेल तर खानापूर स्टँडवर येऊन घेऊन जा, कुरियर करणार नाही. आणि मार्चच्या आत वापरा, जूनमध्ये उघडलात तर माझं नाव सांगू नका.